पौलाची पत्रं आणि शब्दांची मोजदाद

पौल म्हणजे पहिल्या शतकातला ख्रिस्ती धर्मप्रचारक. 'पौलाची निम्मी पत्रं बनावट, संगणकाने सिद्ध केलं' अशा थाटाचे दावे अधूनमधून वाचायला मिळतात. शंका रास्त आहे, पण संगणकाने असं काही सिद्ध केलेलं नाही. मोजदादीतून काय कळतं आणि काय कळत नाही, हा भाग मला त्या मथळ्यापेक्षा कितीतरी रंजक वाटतो.

बायबलच्या नव्या करारातल्या तेरा पत्रांवर पौलाचं नाव आहे. बहुतेकांची नावं ती ज्या गावच्या किंवा प्रांतातल्या मंडळीला, म्हणजे ख्रिस्ती समुदायाला, लिहिली त्यावरून पडली. त्यातली सात त्याचीच, यावर अभ्यासकांचं जवळपास एकमत आहे: रोमकरांस, करिंथकरांस दोन, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, थेस्सलनीकाकरांस पहिलं आणि फिलेमोनाला. उरलेल्या सहांवर वाद आहे. त्यातही सर्वांत दाट संशय तीमथ्याला लिहिलेल्या दोन पत्रांवर आणि तीताला लिहिलेल्या एका पत्रावर आहे. या तीन पत्रांना मिळून पाळकीय पत्रं म्हणतात.

१९२१ साली हॅरिसन या अभ्यासकाने या तीन पत्रांतले वेगवेगळे शब्द मोजले. विशेषनामं वगळून ते ८४८ भरले. त्यातले ३०६ पौलाच्या नावावरच्या बाकी दहा पत्रांत कुठेच सापडत नाहीत. आकडा चकित करणारा आहे, पण विषय बदलला की शब्द बदलतातच. म्हणून शैलीचा माग काढणारे किरकोळ शब्दांकडे वळतात. एखादा सहज 'पण' लिहितो, दुसऱ्याच्या हातून 'परंतु'च उतरतं, आणि तसं करताना कुणी विचार करत नाही. ही पत्रं मुळात ग्रीकमध्ये आहेत, आणि ग्रीकमध्ये 'सह' या अर्थाचे 'सुन' आणि 'मेटा' असे दोन शब्द आहेत. पौलाच्या निर्विवाद पत्रांत दोन्ही येतात, पाळकीय पत्रांत 'सुन' एकदाही नाही.

ही कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची. बारावीच्या तर्कशास्त्रात ज्यांचे नियम शिकवतात ते ऑगस्टस डी मॉर्गन (जन्म मदुराईचा, १८०६) यांनी १८५१ साली एका पत्रात सुचवलं होतं की, शब्दांची सरासरी लांबी मोजून पौलाच्या पत्रांचा निकाल लावता येईल.

१९६३ साली मॉर्टन या स्कॉटिश धर्मोपदेशकाने संगणकाच्या मदतीने वाक्यांची लांबी आणि 'काय', म्हणजे 'आणि', हा शब्द मोजून जाहीर केलं की पौलाची खरी पत्रं जेमतेम चार-पाच. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं. पण जुन्या हस्तलिखितांत शब्दांमध्ये जागाही सोडलेली नसे, मग पूर्णविराम कुठले? वाक्यं पाडली ती पुढच्या संपादकांनी. यंत्राने मोजलं म्हणून ते खरं, ही श्रद्धा ताईत बांधण्यापेक्षा फार वेगळी नाही.

खरी अडचण लांबीची आहे. शंभर शब्दांत सरासरी एकदा येणारा शब्द घ्या. रोमकरांस पत्रात सुमारे ७,१०० शब्द आहेत, म्हणजे तो ७१ वेळा अपेक्षित. अशा मोजणीत योगायोगाने होणारा चढउतार साधारण अपेक्षित संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो, इथे आठ-साडेआठ. त्याची दुप्पट धरली तर ५४ ते ८८ पर्यंत सगळं नैसर्गिक. फिलेमोनाच्या पत्रात मात्र अवघे ३३५ शब्द. अपेक्षा तीनची, आणि चढउतार इतका मोठा की तो शब्द एकदाही आला नाही किंवा सहा वेळा आला तरी लेखक बदलला असं म्हणता येत नाही. तीताच्या पत्रातही साधारण ६६० शब्दच आहेत.

शिवाय लेखनिक होते. रोमकरांस पत्राच्या शेवटी 'हे पत्र लिहिणारा मी तर्तिय' असा सलाम येतो. गलतीकरांस पत्रात पौल म्हणतो, बघा, मी स्वतःच्या हाताने किती मोठ्या अक्षरांत लिहितोय! म्हणजे एरवी लेखणी दुसऱ्याच्या हाती असायची. त्या माणसाला शब्द निवडायची किती मोकळीक होती, हे कुठलंही गणित सांगू शकत नाही. तत्त्वज्ञ अँथनी केनी यांनी १९८६ साली व्याकरणाच्या कितीतरी लकबी मोजल्या, तेव्हा तेरापैकी बारा पत्रं एकाच बहुरंगी हातची असू शकतात आणि शंका उरते ती तीताच्या पत्रावर, असं त्यांना आढळलं.

तरीही बहुतेक अभ्यासक पाळकीय पत्रं पौलाची मानत नाहीत, कारण त्यांचा भर फक्त मोजदादीवर नाही. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात मंडळीचे अध्यक्ष आणि सेवक कसे असावेत याच्या अटी आहेत. विधवांची यादी आहे, आणि तिच्यात नाव घालायला वय साठच्या आत नसावं असा नियमही. ख्रिस्त लवकरच परत येणार म्हणून लग्नाचीही घाई नको, असं करिंथकरांना सांगणाऱ्या पौलाच्या मंडळीत अशा याद्या बसवणं त्यांना जड जातं.