धावपटूंच्या घड्याळांतील जीपीएसची अचूकता

धावण्याचे घड्याळ ठरावीक काळाने, बहुधा दर सेकंदाला, धावपटूचे स्थान टिपते आणि त्या बिंदूंमधली अंतरे जोडत जाते. प्रत्येक बिंदू काही मीटर इकडेतिकडे असतो. त्यामुळे शेवटी दिसणारा आकडा अंदाजच असतो; दोन दशांश स्थळांमुळे तो उगाच नेमका वाटतो.

जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किमी उंचीवर फिरतात. संकेत पोहोचायला लागलेल्या वेळावरून घड्याळ प्रत्येक उपग्रहाचे अंतर काढते आणि त्यासाठी किमान चार उपग्रह ‘दिसावे’ लागतात. वेळेत एक मायक्रोसेकंदाची गफलत म्हणजे अंतरात 300 मीटरचा फरक. नागरी संकेतात मुद्दाम घातलेली त्रुटी अमेरिकेने मे 2000 मध्ये काढली, त्यानंतर हे तंत्र धावपटूंच्या खऱ्या उपयोगाचे झाले. गार्मिन कंपनीचे फोररनर 201 हे धावण्याचे घड्याळ 2003 मधले. आताची घड्याळे ग्लोनास (रशिया), गॅलिलिओ (युरोप) आणि बायडू (चीन) या उपग्रह यंत्रणांचेही संकेत घेतात.

मुंबईत खरी अडचण इमारतींची. बीकेसी, लोअर परळ किंवा नरिमन पॉइंटच्या काचेच्या मनोऱ्यांवर आपटून आलेला संकेत लांबची वाट काढून येतो. घड्याळाला वाटते उपग्रहच दूर आहे. मग नकाशावरची रेघ पदपथ सोडून एखाद्या कार्यालयाच्या लॉबीतून जाते. मरीन ड्राइव्हवर पश्चिमेचे आकाश पूर्ण मोकळे आणि इमारती रुंद रस्त्यापलीकडे असल्याने रेघ बरीच सरळ येते. याउलट मोहम्मद अली रोडवर जेजे उड्डाणपुलाखाली संकेत तुटतो आणि घड्याळ हाताच्या हालचालीवरून अंतर ओढूनताणून जुळवते. राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीकडे जाणाऱ्या वळणावळणाच्या रस्त्यावर दाट झाडीत वळणे छाटली जाऊन अंतर कमी भरू शकते. पावसाळ्यात दोष ढगांना दिला जातो, तो चुकीचा आहे. ढग आणि पाऊस या लहरींना फारसे अडवत नाहीत. ओली पालवी मात्र अडवते.

दादरच्या शिवाजी पार्कचा घेर कट्ट्याच्या आतल्या कडेने 1.17 किमी आहे. दहा फेऱ्यांचे 11.7 किमी व्हायला हवेत, पण कट्ट्याबाहेरून पदपथावर धावणारा मुळातच मोठा घेर घेतो. त्यात भोवतालची झाडे. नकाशावर दहा फेऱ्यांच्या दहा वेगळ्या रेघा उमटतात. एवढ्यावरून घड्याळ बिघडले असे समजण्याचे कारण नाही.

सर्वाधिक वाद शर्यतीनंतर होतात. 2004 पासून होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये 42.195 किमीऐवजी घड्याळात 42.7 दिसले की ‘आयोजकांनी जास्त पळवले’ अशी कुरकूर सुरू होते. प्रमाणित मार्ग चाकाला जोन्स काउंटर (चाकाचे फिरणे मोजणारे यंत्र) लावलेल्या सायकलीने मोजतात, तोही वळणावर कडेपासून 30 सेंमी अंतर राखून, शक्य तितक्या आखूड रेषेवर, वर 0.1 टक्का, म्हणजे सुमारे 42 मीटर, राखीव घालतात. गर्दीतून वाट काढणारा, पाण्याच्या टेबलाकडे आडवा जाणारा धावपटू ती रेषा धरूच शकत नाही. शिवाय बिंदूंच्या डगमगीनेही अंतर बहुधा वाढते. याचा फटका पेसला, म्हणजे दर किलोमीटरला लागणाऱ्या वेळेच्या हिशोबाला, बसतो. घड्याळावर किलोमीटरला 6:00 मिनिटे धरून धावणारा 4 तास 13 मिनिटांची अपेक्षा ठेवतो आणि 42.7 भरले तर 4 तास 16 मिनिटांनी पोहोचतो. म्हणून शर्यतीत आपोआप पडणारा लॅप (दर किलोमीटरची नोंद) बंद करून किलोमीटरच्या फलकापाशी हाताने बटण दाबणे उत्तम. अधिकृत वेळ बिबच्या (छातीवरच्या क्रमांकपट्टीच्या) चिपवरूनच धरतात.

उपग्रह एकाहून अधिक वारंवारतांवर संकेत पाठवतात; त्यांतील नेहमीच्या एल1 सोबत एल5 वारंवारता घेणारी घड्याळे परावर्तन बरेच ओळखतात. आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, होणारा विलंबही दोन वारंवारतांच्या फरकातून काढता येतो. मुंबईसारख्या विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात सूर्यास्तानंतर आयनांबर अधिक अस्थिर असते, पण पहाटे धावणाऱ्यांना त्याची झळ क्वचितच लागते. त्यांच्यापुढचा प्रश्न साधा असतो: सोसायटीच्या फाटकाआत, उपग्रहांचे लॉक मिळण्याआधीच, म्हणजे स्थान पक्के होण्याआधीच, स्टार्ट दाबले की पहिला किलोमीटर हमखास वेडावाकडा येतो. उंचीचा आकडा तर आडव्या अंतराहून अधिक चुकतो. म्हणून पेडर रोडच्या चढासाठी हवेच्या दाबावरून उंची काढणारा दाबमापक असलेले घड्याळ बरे. मात्र घामामिठाने त्याचे छिद्र बुजले तर तेही भलतीच उंची दाखवते.