वेबरवरचा ४५ हा आकडा चोकचा नाही

जुन्या गाड्यांच्या कुठल्याही मेळाव्यात एक तरी माणूस हे विचारतोच, "माझ्या फोर्ड एस्कॉर्टच्या क्रॉसफ्लो १६०० इंजिनाच्या वेबरला (वेबर म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर, थोडक्यात कार्ब) ४० चा चोक लावू का ४५ चा?" आणि आजूबाजूचे चार जण लगेच सांगतात की ४५ घे, मोठा आहे, पॉवर जास्त. मला हे ऐकून ऐकून खरंच त्रास व्हायला लागलाय, कारण प्रश्न चुकीचा, उत्तर त्याहून चुकीचं, आणि त्या उत्तरावर लोक खूप पैसे घालवतात आणि वर गाडी बिघडवून बसतात.

चोक हा शब्द लोक तीन गोष्टींना वापरतात, आधी सोप्या दोन उरकतो. एक चोक म्हणजे डॅशबोर्डवरचं बटण, आपल्या पद्मिनीत होतं तेच, हिवाळ्यात सकाळी ओढायचं, इंजिन तापलं की आत ढकलायचं. थंड इंजिनला जास्तीचं पेट्रोल मिळावं एवढंच त्याचं काम. वेबर डीसीओईला (४० आणि ४५ चे कार्ब ते हेच) पण तशी सोय असते, फक्त ती वापरताना ॲक्सिलरेटरवर पाय ठेवायचा नाही, कारण बंद बटरफ्लायच्या, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या, पलीकडच्या व्हॅक्यूमवर ती चालते. बरेच जण ती जोडतच नाहीत, पेडल दोनतीनदा दाबून स्टार्टर मारतात, आणि चालतं. दुसरं, 'ट्विन चोक' म्हणजे एका कार्बला दोन नळ्या, बास. डीसीओई मधलं डीसी म्हणजे इटालियनमध्ये दोप्पिओ कॉर्पो, दोन अंगांचा.

आता खरा घोळ. ४० किंवा ४५ हा कार्बच्या बॉडीवरचा आकडा म्हणजे बटरफ्लाय जिथे बसते तिथल्या नळीचा व्यास, मिलिमीटरमध्ये. चोक म्हणजे त्या नळीच्या आत बसवलेली कमरेत बारीक असलेली बांगडी, म्हणजे व्हेंचुरी, आणि ती बदलता येते. ट्रम्पेट, म्हणजे कार्बच्या तोंडावरचा भोंगा, काढा, पुढची छोटी सहायक व्हेंचुरी काढा, मागून चोक बाहेर येतो, त्यावर त्याचा आकडा कोरलेला असतो. ४० च्या बॉडीत ३० चा चोक असेल, ३२ असेल, ३४ असेल. ४५ मध्ये पण ३४ बसतो. म्हणजे एकाने ४० घेतला, दुसऱ्याने ४५, दोघांच्या आत ३४, तर दोघांच्या इंजिनाला सगळ्यात अरुंद जागा एकच आहे! मग ४५ वाल्याने जास्तीचे पैसे कशाचे दिले?

बरं ही बांगडी असते कशासाठी, हवा अडवायला नाही. नदीचं पात्र पुलाखाली अरुंद झालं की पाणी धावतं तशी हवा चोकमध्ये धावते, धावली की तिथला दाब पडतो, आणि त्या पडलेल्या दाबामुळेच मेन जेटचं, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या मुख्य भोकाचं, पेट्रोल वर खेचलं जातं. दुसरी कुठली शक्ती नाही तिथे, पंप नाही, कॉम्प्युटर नाही. चोक मोठा केला की हवेला वाट मिळते पण वेग जातो, आणि वेग गेला की पेट्रोल खेचणारा हात ढिला पडतो. हिशोब करून बघा. ३२ च्या चोकचं क्षेत्रफळ साधारण ८०४ चौरस मिमी, ३६ चं १०१८. त्याच आरपीएमला, तेवढीच हवा जात असताना, ३६ मध्ये वेग राहतो ७९ टक्के, आणि दाबातला फरक वेगाच्या वर्गाने बदलतो, म्हणजे ती ओढ राहते जेमतेम ६२ टक्के. दिसायला चार मिलिमीटर, पण खेच अडतीस टक्के गेली.

हेच मग रस्त्यावर कसं जाणवतं, तर हळू चालताना गाडी आयडल जेट आणि प्रोग्रेशनच्या, म्हणजे बटरफ्लाय जरा उघडल्यावर पेट्रोल देणाऱ्या, बारीक भोकांवर चालते, ठीक चालते. मग तुम्ही तिसऱ्या गिअरमध्ये अडीच हजारावर पाय दाबता, आयडल सर्किटचं संपलं, मेन अजून जागं झालं नाही, आणि गाडी ठसकते, क्षणभर पुढेच जात नाही. इथे लोक काय करतात, पंप जेट (पेडल दाबलं की पेट्रोलची पिचकारी मारतो तो) मोठा करतात, आयडल जेट मोठा करतात, महिनोन्‌महिने जेट बदलत बसतात, प्लग काळे, पेट्रोलचा वास, आणि दोष चोकचा. मी स्वतः ह्यात एक अख्खा उन्हाळा घालवलाय. ज्याने मला दोन कार्बची ती जोडी विकली त्याने "४५ आहेत, ४० पेक्षा भारी" एवढंच सांगितलं, आत ३६ होते आणि मी बघितलंच नाही. नवीन ४५ सहसा ३६ घालूनच येतो, दोन लिटरच्या इंजिनाला ते शोभतं, माझ्या १६०० ला नाही.

अजून एक तुलना ऐकायला मिळते, वेबरच्याच डीजीव्ही ह्या दुसऱ्या कार्बशी, जी पूर्ण चुकीची आहे. "जुना डीजीव्ही ३२/३६ होता, आता डीसीओईत ३२ चोक टाकला तर लहानच झाला की." नाही हो! ३२/३६ हे बटरफ्लायचे आकडे, त्याचे चोक २६ आणि २७. शिवाय तिथे चार सिलिंडर मिळून दोन नळ्यांतून ओढतात, इथे प्रत्येक सिलिंडरला स्वतःची नळी. म्हणून जोडीने डीसीओई लावताना अख्ख्या इंजिनाचे १६०० सीसी धरायचेच नाहीत, एका सिलिंडरचे ४०० धरायचे.

आणि इथे कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, येतो, तो आधी ठरवायचा. कॅम ठरवतो की इंजिन कुठल्या आरपीएमला जास्तीत जास्त ताकद देणार, आणि तो आरपीएम कळल्याशिवाय चोक निवडणं म्हणजे पायाचं माप न घेता चप्पल घेणं. एक जुना हिशोब आहे, सिलिंडरचे सीसी गुणिले हजारांतले आरपीएम, त्याचं वर्गमूळ, गुणिले ०.८२, ही आली बॉडी. ४०० गुणिले ६ म्हणजे २४००, वर्गमूळ ४९, बॉडी ४०. चोक त्याच्या सुमारे ०.८, म्हणजे ३२. रस्त्यावर चालणाऱ्या क्रॉसफ्लोला मी ह्याच्या वर जाणार नाही, शंका असेल तर ३० टाका. सात हजाराला चार घोडे कमी मिळतील, पण तिथे तुम्ही कितीदा जाता? एस्कॉर्ट मेक्सिको कंपनीतून ८६ बीएचपीची निघायची आणि चालवायला मजा यायची ती मधल्या आरपीएमला.

लांब ड्युरेशनच्या, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणाऱ्या, कॅमबद्दल एवढंच, की ओव्हरलॅप (आतला आणि बाहेरचा व्हॉल्व्ह एकत्र उघडे असण्याचा वेळ) वाढला की कमी आरपीएमला हवा उलटी येते, ट्रम्पेटच्या तोंडाशी पेट्रोलचं धुकं दिसतं. वेगळ्या नळ्यांवर इंजिन हे बऱ्यापैकी सहन करतं, एका कार्बवर तोच कॅम टाकला तर आयडल धड लागत नाही. मॅनिफोल्ड (कार्ब इंजिनाला जोडणारी नळी) आणि ट्रम्पेटच्या लांबीवरून भांडणाऱ्यांनी आधी कॅम आणि चोक हे दोन नीट करावेत. हां, कार्ब रबरी ओ-रिंगच्या प्लेटवरच बसवा, घट्ट आवळू नका, थरथरीने फ्लोटच्या भांड्यात पेट्रोल फेसाळतं.

जेट सगळ्यात शेवटी. चोकच्या चौपट मेन जेट, म्हणजे ३२ ला साधारण १३०, एअर करेक्टर (त्या पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा जेट) त्याच्या पन्नास वर, १८०. ही फक्त सुरुवात, पुढे वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारं मीटर) लावून रस्त्यावर बघायचं.

सेकंडहँड जोडी घेताना विकणाऱ्याला ४० का ४५ विचारू नका, ट्रम्पेट काढायला लावा आणि चारही चोकवरचे आकडे स्वतः वाचा. चारही, कारण दोन ३२ आणि दोन ३४ अशी जोडी मी ह्या डोळ्यांनी बघितलीय.