कुरणातला बाथटब

घरातून काढून टाकलेला आंघोळीचा टब गुरे, घोडे किंवा मेंढ्यांना पाणी पाजण्यासाठी रानात मांडण्याची रीत. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या ग्रामीण भागात ती सर्रास आढळते. आपल्याकडच्या भाषेत हा गुरांचा हौद किंवा हाळच. फरक इतकाच की तो आधी कोणाच्या तरी न्हाणीघरात होता.

गंमत म्हणजे टबाचा हा परतीचा प्रवास आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या शबॉयगन येथे जॉन मायकेल कोलर यांचा बिडाची शेती-अवजारे करण्याचा कारखाना होता. घोड्यांना पाणी पाजायला आणि कापलेले डुक्कर गरम पाण्यात बुडवून केस काढायला चालेल अशी डोण ते विकत. 1883 मध्ये त्यांनी तिला इनॅमलचा लेप दिला आणि चार पाय लावले की ही बाथटब म्हणूनही वापरता येईल, असे गिऱ्हाइकांना सांगितले. पहिला टब एका शेतकऱ्याने एक गाय आणि चौदा कोंबड्या देऊन घेतला, अशी आख्यायिका कंपनी सांगते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हलके अ‍ॅक्रिलिकचे टब आले, घरोघरचे बिडाचे टब बाहेर पडले आणि बरेचसे पुन्हा जनावरांपुढे जाऊन बसले.

ते तिथे टिकले ते वजनामुळे. बिडाचा टब शंभर किलोच्या पुढे भरतो, त्यामुळे गाय त्याला अंग घासते तरी सहजी उलटत नाही. काठ गोल वळवलेला असल्याने तोंडाला लागत नाही. तळाचे भोक तर मुद्दाम या कामासाठीच ठेवल्यासारखे आहे: टब त्या टोकाकडे किंचित उतरता मांडायचा, बूच काढायचे आणि शेवाळ, लाळ, गवत खराट्याने लोटून द्यायचे. वरच्या जादा पाण्याच्या भोकाला नळी जोडून ती लांब सोडतात, नाहीतर टबाभोवती चिखल होतो आणि मेंढ्यांचे खूर सडतात. दोन कुरणांच्या सीमेवर टब आडवा ठेवून त्याच्या मधोमध कुंपणाची तार नेली, की एकाच टबावर दोन्ही बाजूंची जनावरे पाणी पितात.

टब साधारण दीडशे ते दोनशे लिटरचा असतो. दुभती गाय उन्हाळ्यात दिवसाला शंभर लिटरपर्यंत पाणी पिऊ शकते. म्हणजे टब दोन गायींचा. दहा गायींसाठी तो चालतो तो आकारामुळे नव्हे, मागून येणाऱ्या धारेमुळे. म्हणून त्यावर बॉलकॉक, म्हणजे पाणी भरले की तरंगत्या गोळ्याने आपोआप बंद होणारा नळ, बसवतात, कधी कधी जुन्या फ्लशच्या टाकीतलाच. त्यावर फळीचे किंवा पत्र्याचे झाकण हवेच. गायी तरंगणारा गोळा नाकाने ढकलत बसतात. इंग्लंड व वेल्समध्ये 1999 च्या पाणीजोडणी नियमांनुसार सार्वजनिक नळावर चालणाऱ्या अशा हौदात नळाचे तोंड आणि पाण्याची पातळी यांत मोकळी जागा सोडावी लागते, कारण नळातला दाब घटला तर हौदातले घाण पाणी उलटे ओढले जाते. टबात बुडवून ठेवलेली रबरी नळी या नियमात बसत नाही.

तक्रारीही आहेत. जुन्या इनॅमलमध्ये शिसे असू शकते, त्यामुळे लेप पोपडे धरू लागला की टब बाद करावा. कोकरे आणि पक्षी गुळगुळीत कडांवरून चढू न शकल्याने बुडतात. आत एक-दोन मोठे दगड किंवा तिरपी फळी ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय. ब्रिटनमध्ये बॅजर या प्राण्यामार्फत गायींमध्ये क्षय पसरू शकतो, म्हणून त्याचे तोंड पोचणार नाही इतक्या उंचावर हौद ठेवा असे सांगतात आणि पाय काढलेला टब नेमका बुटका असतो. मेंढ्यांना तांबे फार लवकर बाधते; शेवाळ मारायला मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार, टाकण्याचा मोह त्यांच्या टबाबाबत टाळावा.

अ‍ॅरिझोनातल्या वाचुका डोंगरात ‘बाथटब स्प्रिंग’ नावाचा झराच आहे. तिथल्या जुन्या टबात जमणारे पाणी डोंगर चढणारे लोक गाळून बाटल्यांत भरतात. उलट अलीकडे पायांचे जुने टब पुन्हा फॅशनमध्ये आल्यावर भंगारवाले ते कुरणांतून विकत घेऊन, नवा लेप देऊन शहरात विकू लागले.

महाराष्ट्रात टब न्हाणीत नव्हताच. बादली आणि घंगाळावर काम भागत आले. त्यामुळे विहिरीकाठच्या दगडी डोणीची जागा घेतली ती सिमेंटच्या हौदाने आणि उभ्या चिरलेल्या दोनशे लिटरच्या प्लास्टिक पिंपाने. पिंप औषध फवारणीचे किंवा रसायनाचे नसल्याची खात्री करून घ्यावी लागते. कापलेली कड धारदार राहते, म्हणून जुन्या रबरी पाइपाला लांबीभर चीर देऊन तो कडेवर बसवतात आणि पिंप लोळू नये म्हणून दोन्ही बाजूंना विटा लावतात.