जिवाणू संवर्धकाचे 'खत' झाले, तेव्हापासूनचा गोंधळ

शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र (नायट्रोजन) धरून ठेवतात, हे 1880च्या दशकात जर्मनीत सिद्ध झाले. 1888 मध्ये नेदरलँड्समध्ये त्या गाठींतला जिवाणू वेगळा काढण्यात आला आणि दहा वर्षांच्या आत तो विकायलाही आला. हाच रायझोबियम. आपल्याकडे त्याची खरी गरज भासली ती सोयाबीनमुळे. पीक नवे, आणि त्याला लागणारा जिवाणू इथल्या बहुतेक जमिनींत नव्हताच.

त्या काळी अशा जिवंत जिवाणूंच्या पाकिटावर 'जिवाणू संवर्धक' असे छापलेले असे. लिग्नाइटच्या, म्हणजे तपकिरी कोळशाच्या, भुकटीत मिसळलेले 250 ग्रॅम संवर्धक 10 किलो बियाण्याला पुरे. थंड केलेल्या गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळायचे, सावलीत सुकवायचे, त्याच दिवशी पेरायचे. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू सर्वांत शेवटी.

2006 मध्ये जिवाणू संवर्धके खत नियंत्रण आदेशाखाली आली. भुकटीत दर ग्रॅमला किमान 5 कोटी आणि द्रवरूपात दर मिलिलिटरला 10 कोटी जिवंत पेशी हव्यात, असे बंधन आले. कोळशाची नुसती पूड विकणाऱ्यांना चाप बसायलाच हवा होता. पण 'खत' या शब्दाने घात केला. त्याच दुरुस्तीत सेंद्रिय खतेही आली, आणि मराठीत जैव, जैविक, सेंद्रिय हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जाऊ लागले. पुढे मायकोरायझाही त्याच यादीत गेला. ती तर बुरशी, तरी दुकानात मिळते 'जिवाणू खत' म्हणूनच. खत म्हटले की माणूस वजन बघतो, जास्त टाकले तर जास्त उगवेल असे धरून चालतो. दुकानदारही ते युरियाच्या गोण्यांशेजारी, मे महिन्यात तापलेल्या पत्र्याखाली ठेवतो. तिथे पाकिटाचे वजन तेवढेच राहते, पेशी मात्र मरतात.

मुंबईच्या गच्च्यांवर हा गोंधळ रोज दिसतो. टोमॅटोच्या कुंडीत रायझोबियम ओतले जाते. टोमॅटो-वांग्याला ॲझोटोबॅक्टर हवे, म्हणजे गाठींशिवाय मातीत राहून नत्र धरणारे जिवाणू. रायझोबियम वाल, चवळी, मुगाला. स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, टाकून उपयोग नाही, विरघळवायला तिथे स्फुरदच नसतो; आधी मूठभर हाडांचा चुरा मिसळावा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, म्हणून पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवून मगच त्यात संवर्धक कालवावे. तांबेयुक्त फवारणीनंतर निदान आठवडाभर थांबावे.

जिवाणू लागला की नाही, हे चवळीच्या मुळावरच कळते. पेरणीनंतर सुमारे 40 दिवसांनी एक रोप मातीसकट अलगद उपटा, मुळे धुवा आणि एक टपोरी गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल दिसली तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर ती नत्र धरत नाही. आणि गाठीच नसतील, तर एकतर पाकिटातले जिवाणू मेलेले होते, नाहीतर कुंडीत आधीच युरिया पडलेला आहे. आयता नत्र मिळाला की रोप गाठी धरत नाही.