गाडीत तेलाचा वास येतोय? मग गाडी धुऊन आणू नका

"भाऊ, गाडीमा तेलना वास येस." उन्हाळा लागला की धुळ्यातल्या आमच्या गॅरेजचा फोन याच वाक्याने वाजतो. आम्ही म्हणतो, उद्या सकाळी आणा. सकाळी गाडी येते, बोनेट उघडतो, तर इंजिन नव्या नवरीसारखं चकचकीत! "तुमचे हात खराब नको व्हायला, म्हणून येता येता प्रेशरने धुऊन घेतलं." माया कळते हो, पण आमचे हात रोजच काळे असतात. धुतल्यामुळे गळतीचा माग मात्र पुसून गेलेला असतो.

तेल जिथून पाझरतं तिथे धूळ चिकटते. आपल्याकडे धुळीला तोटा नाही, त्यामुळे काळा ओला ओघळ छान उमटतो. तेल खाली उतरतं आणि वाऱ्याने मागे फेकलं जातं. म्हणून चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाचं तेलाचं भांडं, भिजलेला दिसला तरी दोष चेंबरचा असेलच असं नाही. ओघळ धरून वर वर जायचं. जिथे सगळ्यात वरचा ओलावा सापडतो तिथे मूळ. धुतलेल्या गाडीत तो ओघळच नाही, म्हणजे पुन्हा शंभर-दीडशे किलोमीटर फिरवून आणा म्हणावं लागतं. मग लोक म्हणतात, गॅरेजवाला वेळ काढतो. त्यात पाणी कॉइलच्या किंवा सेन्सरच्या कनेक्टरमध्ये गेलं, तर वासासाठी आलेली गाडी मिसिंग, म्हणजे इंजिनचं अडखळणं, घेऊन जाते.

पुष्कळ गाड्यांत दुखणं टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, पॅकिंगचं निघतं. हे रबर वर्षानुवर्षं इंजिनची उष्णता सोसून कडक होतं, तेल धरून ठेवत नाही. थेंब तापलेल्या मेनिफोल्डवर, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या नळांवर, पडून जळतो, आणि पुढच्या काचेखालच्या जाळीतून ब्लोअर तो धूर आत ओढतो. गाडी पळत असते तेव्हा वारा वास मागे नेतो. मालेगावला जाताना लळिंगचा घाट चढून चहाला थांबलात की मग तो नाकात शिरतो. म्हणून "थांबल्यावर येतो की चालताना?" हे आम्ही पहिल्यांदा विचारतो. उगाच चौकशी करत नाही.

एक परीक्षा घरीच होते. इंजिन तापलेलं असताना गाडी मोकळ्या जागी उभी करा, ब्लोअर बाहेरच्या हवेवर ठेवा. वास आला की आतली हवा फिरवणारं बटण दाबून पाच मिनिटं बघा. कमी झाला तर तो बोनेटखालून येतोय. बटणाने काहीच फरक पडत नसेल आणि रात्रभर बंद असलेल्या गाडीचं दार उघडताच तोच वास येत असेल, तर आधी गाडीच्या आतच शोधा.

वास करपट आहे की खवट, हेही सांगा. करपट असेल तर इंजिन ऑइल. खवट असेल तर मात्र घरच्या माणसांना विचारा. शिरपूरकडच्या एका नानांनी दोन गॅरेजांत पॅकिंग बदलून झाल्यावर गाडी आमच्याकडे आणली. डिकीचं कार्पेट उचललं, तर खालचा फोम शेंगदाणा तेलाने थबथबलेला! शेतावरच्या भरीत पार्टीला नेलेला डबा मागे लवंडला होता. फोम काढून साबणाने धुतला, दोन दिवस उन्हात टाकला. पॅकिंगचे पैसे आम्ही घेतले नाहीत, कारण ते बदलायचंच नव्हतं.

गोडसर वास आणि काचेवर आतून चिकट धुकं म्हणजे कूलंट, इंजिन थंड ठेवणारं पाणी. पेट्रोलचा वास असेल तर स्टार्टरच मारू नका, फोन करा, आम्ही येतो. डिझेल गाडीत चुकचुक आवाजासोबत धुराचा वास येत असेल, तर इंजेक्टरखालचं (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाखालचं) तांब्याचं वायसर फुंकत, म्हणजे धूर बाहेर सोडत, असू शकतं. त्या धुरात विषारी वायू असतो. काचा बंद करून, एसी लावून लांबचा प्रवास करू नका.

ऑइलची काडी स्वतः बघत असाल तर उत्तम. सपाट जागा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी, पातळी दोन खुणांच्या मध्ये. "असू द्या थोडं जास्त" म्हणून वरच्या खुणेपलीकडे ओतू नका. जास्तीचं तेल ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीच्या, वाटेने बाहेर पडतं आणि वास वाढतो. सर्व्हिसनंतर लगेच वास सुरू झाला असेल तर आधी ऑइलचं झाकण घट्ट आहे का बघा. तेवढ्यासाठी आमच्याकडे यायची गरज नाही.

आता आमच्या दराविषयी. जुन्या पॅकिंगवरच सिलिकॉन फासून अर्ध्या तासात गाडी देणारे आहेत, स्वस्तही पडतं. पण जास्तीचं सिलिकॉन आत सुटून ऑइलच्या जाळीत अडकलं, तर इंजिनला तेल कमी पडतं. आम्ही कव्हर काढतो, दोन्ही बाजू घासून साफ करतो, नवीन पॅकिंग बसवतो आणि बोल्ट टॉर्क पान्याने आवळतो, कारण प्लास्टिकचं कव्हर जोर केला की तडकतं. इंजिन आधीच धुऊन झालं असेल, तर ऑइलमध्ये चमकणारा रंग टाकतो आणि दोन दिवसांनी निळ्या दिव्याखाली गळती शोधतो. त्याचे पैसे वेगळे पडतात.

काम झाल्यावरही दोन-चार दिवस थोडा वास येईल. मेनिफोल्डवर आधीच सांडलेलं तेल जळायला तेवढा वेळ लागतो. आठवड्यानंतरही आला तर गाडी आणा, पुन्हा तपासायचे पैसे नाहीत.

यायच्या आदल्या रात्री इंजिनखाली कोरा पुठ्ठा पसरा. एसीचं स्वच्छ पाणी पडलं तर घाबरू नका, ते वाळून जातं. तेलाचा डाग पडला तर पुठ्ठ्यावर बोनेटची बाजू पेनाने लिहा आणि पुठ्ठाही सोबत आणा.