समोर बसलेल्या माणसाच्या व्हिडिओवर बोलताना

आवडत्या मालिकेतली दृश्ये गाण्यावर जुळवून चाहते जे व्हिडिओ करतात, त्यांना दाद द्यायची की चुकाही सांगायच्या, हा वाद यूट्यूबपेक्षा बराच जुना आहे. तो घडला अमेरिकेतल्या चाहत्यांच्या मेळाव्यांत, म्हणजे कन्व्हेन्शनमध्ये.

या छंदाची सुरुवात साधारणपणे १९७५ पासून मानतात. 'स्टार ट्रेक' ही अमेरिकी विज्ञानकथा मालिका बंद पडून सहा वर्षे झाली होती. कँडी फाँग या चाहतीने मालिकेच्या फिल्ममधल्या चौकटींच्या स्लाइड केल्या, कॅसेटवर गाणे लावले आणि गाण्याच्या ठेक्यावर प्रोजेक्टरमधल्या स्लाइड बदलत तो खेळ मेळाव्यात दाखवला. करणारी आणि बघणारे एकाच खोलीत. कुठे हशा पिकला, कुठे माणसे गप्प झाली, हे तिला तिथल्या तिथे कळत होते.

मग व्हीसीआर आला आणि काम घरी, दिवाणखान्यात होऊ लागले. एका यंत्रावर मूळ भाग चालवायचा, दुसऱ्यावर हवे ते दृश्य उतरवून घ्यायचे. पण रेकॉर्डचे बटण दाबले की टेप किंचित मागे सरकायची, त्यामुळे आधीच्या दृश्याचे शेपूट कापले जायचे. तो हिशेब धरून, हातात स्टॉपवॉच घेऊन एकेक तुकडा मोजून लावावा लागे. गाणे बहुधा सगळ्यात शेवटी चढवत. म्हणजे ठेका जुळला की नाही, हे काम पुरे झाल्यावरच समजायचे. मधला एक तुकडा चुकला तर तिथून पुढचे बहुतेक सगळे पुन्हा करायचे. हे काम करणाऱ्या बहुतांश बायका होत्या, गटाने बसायच्या, जुनी जाणती नवशिकीला शिकवायची. माझ्या मते खरी टीका तिथेच सुरू झाली, टेप घराबाहेर पडण्याआधी. कारण मेळाव्यात "इथे कट उशिरा आला" असे कोणी म्हटले, तर ते खरे असले तरी दुरुस्तीची वेळ टळून गेलेली असायची.

याच काळात या मंडळींनी एक मोलाचा भेद ओळखला. भरल्या सभागृहात एकदाच दिसणारा व्हिडिओ वेगळा आणि घरी परत परत लावून बघायचा वेगळा. पहिल्याला ठळक चित्रे आणि पटकन कळणारी गंमत लागते, दुसऱ्यात बारकावे मुरवता येतात. घरच्यासाठी केलेला व्हिडिओ सभागृहात पडला, तर दोष करणारीचा की जागेचा? हा प्रश्न विचारल्याशिवाय केलेली टीका अन्यायाचीच ठरते, आणि आजही अनेक जण तो विचारत नाहीत.

अ‍ॅनिमेच्या (जपानी अ‍ॅनिमेशनच्या) चाहत्यांची वाट निराळी होती. १९८२ मध्ये जिम कापोस्टास यांनी दोन व्हीसीआर जोडून 'यामातो' या जपानी मालिकेतली हाणामारीची दृश्ये बीटल्सच्या प्रेमगीतावर बसवली. पुढे अ‍ॅनिमेच्या मेळाव्यांत अशा व्हिडिओंच्या स्पर्धा रुळल्या. स्पर्धेने हुरूप येतो हे खरे, पण निकालातून पहिला कोण ते कळते, मागे पडलेल्याचे काय हुकले ते कळत नाही.

ती उणीव भरून काढली शिकागोच्या 'व्हिविडकॉन'ने. २००२ ते २०१८ चाललेला हा मेळावा फक्त अशा व्हिडिओंसाठी होता. तिथे नव्या व्हिडिओंचा पहिला खेळ व्हायचा आणि त्यांच्यावर चर्चेचे वेगळे सत्रही असायचे. चाहत्यांच्या बोलीत अशा टीकेला 'कॉनक्रिट' म्हणतात, म्हणजे 'कन्स्ट्रक्टिव्ह क्रिटिसिझम', सुधारणेसाठी केलेली टीका. तिला विरोधही होता: हे पैशासाठी केलेले काम नाही, भेट आहे, आणि भेटीत खोट कोण काढतो? हा आक्षेप मला समजतो, पण पटत नाही. महिनोन्‌महिने खपून केलेल्या कामावर नुसते "छान झालंय" ऐकून परतणे हेही दुखावणारेच असते. शिवाय तोवर संपादन संगणकावर आले होते. दृश्य चार चौकटी अलीकडे सरकवायला आता पुढचे सगळे मोडावे लागत नव्हते, आणि सत्रात ऐकलेली सूचना घरी जाऊन त्याच रात्री करून बघता येत होती.