चेसिसला पिळू द्या, मगच तिच्यावर घर बांधा

वापरून झालेला दणकट ट्रक घ्यायचा, मागचा हौदा उतरवायचा, त्या जागी झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली पेटी चढवायची, छतावर सौर पॅनेल, खाली पाण्याची टाकी, आणि निघायचं थेट स्पितीला. ही हौस आता इंदूरलाही लागली आहे. राजेंद्रनगर, सुदामानगरातली मुलं याबद्दल विचारायला येतात तेव्हा प्रश्न ठरलेले असतात: बॅटरी किती अँपिअर-अवरची घेऊ, इन्व्हर्टर कुठला, एसी चालेल का? पेटी चेसिसवर बसवायची कशी, हे मात्र कोणी विचारत नाही. तो भाग त्यांनी मिस्त्रीवर सोडलेला असतो आणि मिस्त्रीचं उत्तर तयार असतं: "भिया, चारों तरफ से वेल्ड मार देंगे, हिलेगा ही नहीं."

सल्ला मनापासून दिलेला असतो, पण तो चुकीचा आहे. जितकं घट्ट तितकं मजबूत, हा समज आपल्या डोक्यात इतका पक्का बसलाय की त्यावर कोणी शंकाच घेत नाही. अशा गाड्यांची बहुतेक दुखणी, म्हणजे न लागणारी दारं, गळणारी छपरं, चिरलेले सांधे, याच समजातून येतात.

ट्रकची चेसिस म्हणजे पोलादाच्या दोन लांब रेल आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. रेलचा छेद इंग्रजी सी अक्षरासारखा असतो: तीन बाजू बंद, एक उघडी. ही उघडी बाजू पैसे वाचवायला ठेवलेली नाही, तिच्यातच सगळी गंमत आहे.

मिठाईचा पुठ्ठ्याचा रिकामा खोका घ्या. झाकण काढून दोन्ही टोकं धरा आणि ओलं धुणं पिळतो तसा पिळा. सहज पिळतो. आता झाकण लावून चारही कडांना चिकटपट्टी मारा आणि पुन्हा पिळून पाहा. पुठ्ठा तोच, जाडी तीच, पण खोका दाद देत नाही. चेसिसच्या रेलमध्ये नेमकं हेच घडतं.

आकड्यांत बघू. २०० मिमी उंच, ७० मिमी रुंद आणि ६ मिमी जाड पत्र्याची सी-रेल घेऊ. उघड्या छेदाचा पिळाला होणारा विरोध काढायचं सूत्र सोपं आहे: पट्टीची एकूण लांबी गुणिले जाडीचा घन, भागिले तीन. इथे पट्टी म्हणजे छेदाच्या तीन बाजू, २०० अधिक ७० अधिक ७०, म्हणजे ३४०; आणि ६ चा घन २१६. ३४० गुणिले २१६ भागिले ३, म्हणजे सुमारे साडेचोवीस हजार. एकक मिलिमीटरचा चौथा घात; ते तूर्त बाजूला ठेवा, आपल्याला तुलनाच करायची आहे. आता उघडी बाजू तशाच पत्र्याने बंद केली तर वेगळं सूत्र लागतं. क्रेन बनवणाऱ्या रुडॉल्फ ब्रेट या जर्मन अभियंत्याने ते १८९६ मध्ये मांडलं: आतल्या क्षेत्रफळाच्या वर्गाची चौपट, गुणिले जाडी, भागिले परिमिती. पत्र्याच्या मध्यरेषेवर मापं घेतली की उत्तर येतं सुमारे ७२ लाख. म्हणजे पोलाद वाढलं जेमतेम १.६ पट आणि पिळाला विरोध वाढला जवळपास ३०० पट!

हे होतं कशामुळे? पिळाला विरोध करणारं कातर-बल, म्हणजे पत्र्याचे थर एकमेकांवरून सरकवू पाहणारं बल, पत्र्याच्या आतून वाहतं. छेद बंद असेल तर ते बल पूर्ण चौकटीभोवती फेरी मारतं. एका बाजूने वर जातं, समोरच्या बाजूने खाली येतं आणि या दोन्हींमध्ये कित्येक सेंटिमीटरचं अंतर असतं. अंतर मोठं म्हणून तरफेचा हात मोठा. छेद उघडा असेल तर फेरी पूर्ण करायला वाटच नाही. बलाला पत्र्याच्या एका पृष्ठाने जाऊन त्याच पत्र्याच्या दुसऱ्या पृष्ठाने परत यावं लागतं, आणि तरफेचा हात उरतो ६ मिलिमीटरच्या आतला. म्हणून तर पहिल्या सूत्रात जाडीचा घन येतो.

मला या गणितात सर्वांत सुंदर वाटते ती पुढची गोष्ट. हीच तुलना वाकण्याच्या बाबतीत केली, म्हणजे माल लादल्यावर रेल मध्ये किती झुकेल हे पाहिलं, तर बंद रेल उघड्या रेलपेक्षा फक्त १.३ पट ताठ निघते. सी-रेल वजन पेलायला जवळजवळ तितकीच समर्थ, पण पिळायला कितीतरी मोकळी. ट्रक बनवणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. जड ट्रकच्या कमानी, आपण ज्यांना पाटे म्हणतो त्या, ताठ असतात; चाक फार वर-खाली जाऊ देत नाहीत. पावसाळ्यात मालव्याच्या काळ्या मातीच्या चाकोरीत पुढचं डावं चाक रुतलं आणि मागचं उजवं दगडावर चढलं, तर एखादं चाक हवेत लटकायला हवं. ते लटकत नाही, कारण उरलेली तडजोड चेसिस स्वतः पिळून करते. पीथमपूरच्या नॅट्रॅक्सचं, म्हणजे तिथल्या वाहन-चाचणी केंद्राचं, नाव आलं की ११.३ किलोमीटरच्या वेगवान ट्रॅकचीच चर्चा होते. पण तिथे गाडीला मुद्दाम खराब रस्त्यावर घुसळून थकवायचाही ट्रॅक आहे, आणि ट्रकचा खरा कस तिथे लागतो.

आता या पिळणाऱ्या चेसिसवर आपण काय ठेवतो? पफ पॅनेलची पेटी. दोन पातळ पत्र्यांमध्ये पॉलियुरेथेनचा फोम, सहाही बाजूंनी बंद. थंडी-उन्हासाठी उत्तम, कारण या फोममधून उष्णता जेमतेम झिरपते. पण झाकण लावलेला खोका तो हाच. चेसिस पिळू पाहते आणि पेटी नकार देते.

चेसिसच्या पुढच्या आणि मागच्या टोकांत ५ अंशांचा पीळ पडला असं धरा. २ मीटर रुंदीच्या पेटीचा एक कोपरा बाकीच्या तिघांच्या पातळीपासून साडेसतरा सेंटिमीटर वर-खाली व्हायला हवा. पेटी तसं होऊ देणार नाही. मग तो सगळा जोर जातो कुठे? वेल्डच्या टोकांवर, दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यांवर, फोम आणि पत्रा यांच्यामधल्या गोंदावर. पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही. धातू एका झटक्यात तुटला नाही तरी हजारो-लाखो छोट्या झटक्यांनी थकून तुटतो, हे आउगुस्ट व्होलरने एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवलं. ट्रकमध्ये हे थकणं आधी कुठे दिसतं, तर वेल्डच्या टोकाशी: रंगातून बाहेर आलेली तांबूस भुकटीची केसाएवढी रेघ. ती पुसली की चार दिवसांनी परत येते. खाली चीर आहे आणि तिच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासताहेत, हा तिचा अर्थ.

शिवाय, वेल्डच्या उष्णतेने त्या जागचं पोलाद बदलतं. रेलच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर ताण सर्वांत जास्त असतो; उभ्या भागाच्या मध्यावर तो नगण्य. म्हणून ट्रक कंपन्या बॉडी बांधणाऱ्यांना वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नका, वेल्ड करू नका, असं बजावून सांगतात.

मग पेटी धरायची कशी? शाळेतली भूमिती आठवा: तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं. पेटीखाली स्वतंत्र पोलादी चौकट, म्हणजे सबफ्रेम बांधायची आणि ती चेसिसला तीनच ठिकाणी टेकवायची. मागे दोन पक्के आधार, पुढे मधोमध एक फिरती खीळ. आता चेसिस हवी तेवढी पिळो, तीन बिंदू कायम एका प्रतलात राहतात आणि पेटीला पीळ कळतही नाही. १९४८ पासून बनत असलेल्या युनिमॉग या जर्मन गाडीत ही पद्धत मुरलेली आहे.

पण आपल्याकडच्या साध्या ट्रकवर हे डोळे झाकून उचलू नये. तीन बिंदूंवर सगळं वजन एकवटतं आणि चेसिसची रेल लांबभर पसरलेल्या ओझ्यासाठी बनलेली असते. पुढच्या खिळीशी रेल वाकू शकते. माझ्या मते सरळ रेल असलेल्या ट्रकसाठी स्प्रिंगची पद्धत बरी. सबफ्रेम पूर्ण लांबीभर चेसिसवर टेकलेली. मागे बोल्टने पक्की, आणि पुढे लांब बोल्ट, त्यांच्यावर दणकट स्प्रिंग. रस्ता सपाट असताना स्प्रिंग पेटीला दाबून धरतात. चेसिस पिळली की स्प्रिंग दबतात आणि सबफ्रेम एका बाजूने चेसिसपासून काही सेंटिमीटर सुटते. ती आडवी सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना उभ्या मार्गदर्शक पट्ट्या लावतात.

देवास नाक्याकडच्या एका बॉडी मेकरकडे मी पिळाची एक साधी परीक्षा पाहिली. मोकळ्या चेसिसच्या चार कोपऱ्यांतून दोन कर्णांवर दोन सुतळ्या ताणल्या. सपाट जमिनीवर त्या मध्यात एकमेकींना जेमतेम शिवत होत्या. मग पुढच्या एका चाकाखाली लाकडी ठोकळे सरकवले. वरची सुतळी खालच्या सुतळीपासून सुटली आणि दोघींमध्ये बोट सहज जाईल एवढी फट पडली. त्या फटीची दुप्पट म्हणजे एक कोपरा बाकी तिघांच्या पातळीतून जितका निघाला ते अंतर. स्प्रिंगला किती वाव ठेवायचा हे याच मापावरून काढायचं. खर्च सुतळीचा.

विजेबद्दल थोडक्यात. इंदुरात स्वच्छ दिवशी ८०० वॉटच्या पॅनेलमधून तोटे वजा जाता ३ युनिटच्या आसपास वीज धरावी. फ्रिज, दिवे, पंखा, पंप यांना ती पुरते, एसीला नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी चांगली, पण शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये, आतल्या ऋण पट्टीवर लिथियमचा थर बसून ती कायमची बिघडते. स्पितीला जाणाऱ्यांनी हे आधी वाचावं. आणि चाकाला अल्टरनेटर जोडून चालत्या गाडीत फुकट वीज मिळवण्याचे व्हिडिओ फिरताहेत, त्यांवर विश्वास ठेवू नका. त्या विजेचा प्रत्येक कण डिझेलमधूनच येतो. ३ युनिटला साधारण दीड लिटर. नवी पेटी चढली की काही लोक आधी बंपरला लिंबू-मिरची टांगतात आणि बोल्ट पुन्हा कसायचे राहून जातात. दृष्ट लागून पेटी चिरत नाही. ती कशाने चिरते ते वर सांगितलंच आहे.

कायद्याची बाजू म्हणजे मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२. आरटीओला विचारल्याशिवाय हौदा उतरवू नये.

पेटी मोकळी केली की आणखी एक काम मागे लागतं. चेसिसवरून पेटीत जाणारी प्रत्येक वायर, डिझेल हीटरची नळी, पाण्याचा पाइप आता दोन हलणाऱ्या वस्तूंना जोडतो. तिथे कडक पाइप चालत नाही. लवचिक नळी घ्या, तिला वळसा देऊन ढील ठेवा आणि पत्र्याच्या भोकाला रबरी कडं घाला. केबिनमधून पेटीत जायला वाट हवी असेल तर मध्ये रबरी भाताच लागतो, कारण केबिन पेटीबरोबर हलत नाही, ती स्वतःच्या रबरांवर वेगळीच डुलते.